दोन बापांचा पडदा

मित्रांनो, मी एक जुना पडदा आहे. नाटकाचा पडदा, खिडकीचा नव्हे. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण मला पाहून पुष्कळांचा तसा घोटाळा होतो. नाटकाचा पडदा म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे लाल मखमल येत असेल, तिच्या कडेची सोनेरी झालर येत असेल. माझं तसं काही नाही. मी साड्यांचा आहे, आणि त्याही फसलेल्या साड्यांचा. तरी माझ्याइतकं सुख त्या मखमलीने पाहिलं नसेल, हे मी छाती पुढे काढून सांगतो.

माझा जन्म सुरतेत झाला. आमच्या सुरतेत साडी विणणारे, छापणारे, घडी घालणारे, टिकल्या लावणारे आणि विकणारे इतके आहेत की इथे जन्मलेल्या कापडाला आपलं कोणी नाही असं कधी वाटत नाही. मी ज्या मिलमध्ये रंगलो, तिथे एके दिवशी छपाईचा साचा सरकला. साडीवर मोर छापायचे होते. मोर छापले गेले, पिसारे तर असे फुलले की बघत राहावं. पण डोकी तेवढी कापडाबाहेर राहिली. कोणाच्या लक्षात येईपर्यंत अख्खा लॉट छापून झाला होता. शेठनी कपाळाला हात लावला. बिनडोक्याच्या मोरांची साडी कोण नेसणार? आम्हाला चिंध्यांच्या भावात काढून टाकायचं ठरलं, आणि उरलेलं आयुष्य मशीनचं तेल पुसण्यात जाणार अशी मी मनाची तयारी करून टाकली.

पण माझं नशीब जोरावर होतं. सुरतेतल्याच भेस्तानच्या चाळीत राहणाऱ्या शोभाबाई त्या दिवशी फॉल-पिकोच्या साड्या न्यायला आल्या होत्या. त्यांनी आमचा ढीग पाहिला आणि पोट धरून हसल्या. शोभाबाई खानदेशातल्या, बोलणं सगळं अहिराणीत. त्या म्हणाल्या, "डोकं नही ते काय व्हयनं, नाचता ते येस ना यास्ले." आणि आमचा गठ्ठा डोक्यावर घेऊन चालू लागल्या.

घरी आणून त्यांनी फॉलची कामं सांभाळत, अधूनमधून सवड काढून आम्हाला एकाला एक जोडलं. दोन मोठे पल्ले केले, मधून उघडणारे. वर अडकवायला कड्या हव्या होत्या, तर चाळीतल्या बायकांकडून धातूच्या जुन्या बांगड्या गोळा केल्या. त्यामुळे मी उघडताना छुमछुम वाजतो. असा पडदा आणखी कुठे असेल तर मला जरूर कळवा. माझी खात्री आहे की नसेल.

आता मला पडदा का व्हावं लागलं ते सांगतो. शोभाबाईंच्या शेजारच्या खोलीत वृषाली राहायची. ती बाजारातल्या एका दुकानात साड्यांचे फोटो काढून मोबाइलवर गिऱ्हाइकांना पाठवण्याचं काम करायची. पण तिचा जीव होता नाटकात. तोही जुन्या नाटकात नव्हे. आपल्या चाळीतली, खात्यातली माणसं दिसतील अशी नवी नाटकं लिहायची आणि ती गावोगाव न्यायची असा तिने ध्यास घेतला होता. खातं म्हणजे माग चालतात ती शेड. सुरतेत सगळे तिला खातंच म्हणतात. तिने चाळीतल्याच लोकांना जमवून मंडळी उभी केली आणि नाव ठेवलं 'नवी घडी'. मंडळी झाली, पण पडदा नव्हता. एक जुनी चादर दोघांनी दोन टोकांना धरायची, अशी तऱ्हा. तेव्हा शोभाबाईंनी माझी दोरी तिच्या हातात दिली, आणि पहिल्याच दिवशी ती दोरी परत स्वतःच्या हातात घेतली. मला ओढण्याचा मान त्यांनी पुढे कोणालाही दिला नाही.

मंडळीची खरी अडचण वेगळीच होती. नट बहुतेक खात्यातले कारागीर. खात्यात बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या. अर्धे लोक दिवसा कामावर, अर्धे रात्री. पंधरवड्याने पाळ्या बदलत. तालमीला कधीच सगळे एका वेळी जमत नसत. सासू हजर तर सून कामावर, चोर हजर तर पोलीस कामावर. दुसऱ्या कोणी हात टेकले असते. वृषालीने कारागिरांच्या प्रत्येक भूमिकेला दोन नट नेमले, एक या पाळीचा आणि एक त्या पाळीचा. नियमही साधा केला. सकाळचा प्रयोग असला की रातपाळीवाले काम करणार, संध्याकाळचा असला की दिवसपाळीवाले. ज्याची पाळी रिकामी, तो उभा राहील. गंमत अशी की एकच भूमिका करणारे दोघे एकमेकांचं काम कधी बघूच शकत नसत. ते बघायचो मी आणि शोभाबाई.

नाटक बसवण्याची आमची पद्धतही न्यारी. आधी चाळीच्या ओट्यावर कच्चं नाटक करायचं. समोर बायका पापडीच्या शेंगा सोलत बसलेल्या असायच्या. त्यांना एखादं वाक्य पटलं नाही तर त्या तिथल्या तिथे सांगत, की असं कोणी बोलत नाही, उगाच शहाणपणा करू नका. वृषाली निमूटपणे ते वाक्य काढून टाकायची. मग उखाच्या टेम्पोत सामान भरायचं आणि कामरेज, कडोदरा, चलथाण असं आसपासच्या गावांतून फिरायचं. उखा म्हणजे आमचा ड्रायव्हर. त्याच्या छोट्या हत्तीत सगळ्यात वर मी असायचो, कारण माझ्यावर बसायला सगळ्यांना मऊ वाटे. माझी तक्रार नव्हती. कामरेजला तर मला पाहताच पोरं "पडदो खोलो, पडदो खोलो" असा गुजरातीत गलका करायची, आणि प्रयोगानंतर माझ्या मोरांना खडूने डोकी काढून द्यायची. शोभाबाई ती डोकी धुऊन काढायच्या आणि पोरांवर नुसतंच रागावल्यासारखं करायच्या.

मित्रांनो, आता मी तुम्हाला आमच्या सगळ्यात गाजलेल्या नाटकाची गोष्ट सांगतो. त्याचं नाव 'दादा कामावर आहेत'.

नाटक साधंच होतं. मंदा नावाच्या मुलीला पुण्याच्या दवाखान्यात नोकरी लागते. तिला जायचं आहे, पण वडिलांनी अजून हो म्हटलेलं नाही आणि नाहीही म्हटलेलं नाही. पहिल्या भागात दादा, म्हणजे वडील, कामावर असतात. घरात सगळे त्यांच्याबद्दलच बोलत असतात. दुसरा भाग उघडतो तेव्हा दादा डबा घेऊन घरी येतात, मंदा पिशवी भरून दारात उभी असते, आणि दादांना उत्तर द्यावं लागतं. मंदा वृषाली स्वतः व्हायची, दुकानातून सुट्टी काढून. मंदाची आई व्हायची रंभाबाई, म्हणजे वृषालीची खरी आई. ती घरी बसून साड्यांना टिकल्या लावायची, त्यामुळे तिला पाळीची अडचण नव्हती. आणि दादा दोन होते. एक वृषालीचे वडील भाऊराव, दुसरे शोभाबाईंचे नवरे धुडकूभाऊ.

हे दोघे खात्यात एकाच रांगेतल्या मागांवर काम करत. एकाने सोडलेली मशीनं दुसऱ्याने धरायची. भाऊराव मलकापूरकडचे, धुडकूभाऊ शिरपूरकडचे. गावं वेगळी, बोली वेगळी, सुरतेत मात्र खोलीला खोली लागून. तरी त्यांची भेट व्हायची ती पाळी बदलताना दारात, आणि बोलणंही तेवढंच, की अमकं मशीन धागा तोडतंय, तमक्याचा पट्टा बघून घे. धुडकूभाऊंना तेवढ्यावर थांबणं जड जाई. भाऊरावांना तेवढंही पुष्कळ वाटे. ते इतके कमी बोलत की चाळीत नवीन आलेल्यांना ते रागीट वाटत. रागीट ते मुळीच नव्हते. त्यांना फक्त आतलं बाहेर काढता येत नसे.

वृषालीने नाटकात एक गोष्ट मुद्दाम केली होती. दादांचं शेवटचं उत्तर तिने लिहिलंच नव्हतं. दोघांना सांगितलं होतं, की तुम्हाला बाप म्हणून जे सुचेल ते करा. धुडकूभाऊंना सुचायचं ते भरभरून सुचायचं. डबा घेतला का, स्वेटर घेतला का, पुण्याला थंडी असते, रिक्षावाल्याशी आधी ठरवून घे, असं बोलता बोलता त्यांचा आवाज भरून यायचा आणि लोक हसता हसता डोळे पुसायचे. भाऊराव काहीच बोलायचे नाहीत. ते खाली वाकायचे, मंदाची पिशवी उचलून स्वतःच्या खांद्याला अडकवायचे आणि दाराबाहेर निघायचे. मंडपातले लोक त्या रिकाम्या दाराकडे बघत बसायचे.

झालं काय, की भेस्तानने बघितलं ते एक नाटक आणि कामरेजने बघितलं ते दुसरंच. दोन्हीकडचे नातेवाईक लग्नात भेटले की खरा शेवट कोणता यावर जुंपायची. धुडकूभाऊ म्हणत, पिशवी उचलायला बाप कशाला, हमाल चालेल. हे भाऊरावांच्या कानावर जाई, आणि ते पाळी बदलताना पट्ट्याबद्दलचं वाक्यही गाळून टाकत.

लोक भाऊरावांच्या शेवटाला रडायचे, पण वृषाली रडायची नाही. मी मिटलो की ती माझ्याकडे तोंड करून नुसती उभी राहायची. त्याचं कारण मला आणि शोभाबाईंना ठाऊक होतं. नोकरी मंदाला लागली होती तशी वृषालीलाही बोलावणं आलं होतं. बडोद्याची एक नाटक मंडळी शाळाशाळांतून मुलांसाठी नाटकं करत असे. त्यांना लिहिणारी आणि काम करणारी मुलगी हवी होती. दिवाळीनंतर रुजू व्हायचं होतं. तिने वडिलांना विचारलं तेव्हा ते "बघू" म्हणाले आणि डबा घेऊन कामावर गेले. पुन्हा विचारलं, पुन्हा "बघू". रंभाबाईंनी समजावलं, की त्यांच्या मनात नकार नाही, तू आपली जा. पण वृषालीला तसं जायचं नव्हतं. शोभाबाईंजवळ ती एकदा म्हणाली, "काकू, त्यांनी नाही म्हटलं तरी चालेल मला. मी भांडेन. पण काहीतरी म्हणायला पाहिजे ना."

शोभाबाई माझी उसवलेली शिवण पुन्हा घालत होत्या. त्यांनी मान हलवली आणि दोरा दाताने तोडला.

दिवाळी आली. सुरतेत दिवाळीला माग बंद होतात. खात्यांमधला खडखडाट थांबतो आणि शहराला आपलाच आवाज ऐकू येऊ लागतो. त्या सुट्टीत चलथाणला प्रयोग ठरला. तिथे साखर कारखान्याच्या हंगामासाठी ऊसतोडीला आलेल्या लोकांचा तळ पडला होता. पाचटाच्या खोप्या, बैलगाड्या, आणि माणसं पुष्कळशी आमच्या खानदेशातलीच. हा वृषालीचा आमच्याबरोबरचा शेवटचा प्रयोग. दोन दिवसांनी तिला बडोद्याला जायचं होतं, आणि घरात अजून "बघू" एवढंच झालं होतं.

आणि इथेच तो घोटाळा झाला. सुट्टी लागली तेव्हा भाऊराव दिवसपाळीवर होते आणि धुडकूभाऊ रातपाळीवर. प्रयोग होता संध्याकाळचा. भाऊरावांनी विचार केला, की खातं बंद झालं तेव्हा मी दिवसपाळीवर होतो, म्हणजे संध्याकाळ माझी. धुडकूभाऊंनी विचार केला, की सुट्टीत पंधरवडा उलटला, म्हणजे पाळी बदलली. आता दिवसपाळी माझी, म्हणजे संध्याकाळही माझी. दोघांचंही नियमाला धरून होतं. बंद खात्यात पाळी कोणाची, हा प्रश्न सुरतेच्या कारागिराशिवाय जगात दुसऱ्या कोणाला पडला नसता. विचारावं असं दोघांनाही वाटलं नाही, कारण दोघांनाही खात्री होती. वृषालीने वडिलांनाच गृहीत धरलं होतं. धुडकूभाऊ सुट्टीसाठी कामरेजला मेहुण्याकडे गेले होते. मी परस्पर चलथाणला येतो, एवढाच त्यांनी बायकोला फोन केला. शोभाबाईंना वाटलं, नाटक बघायला येत असतील.

तळावर उसाच्या दोन रिकाम्या ट्रॉल्या एकमेकींना लावून स्टेज केलं. उखाने बांबू बांधले, मला वर चढवलं. समोर बाया, बापे, पोरं, शेळ्या, सगळे जमले. मुकादमाने दोन मोठे दिवे लावून दिले. पहिला भाग झकास रंगला. मी मिटलो, सामान इकडचं तिकडे झालं, आणि शोभाबाईंनी पुन्हा दोरी ओढली.

मी छुमछुम उघडलो. उजवीकडून भाऊराव आले, निळा सदरा, खांद्यावर टॉवेल, हातात डबा. त्याच क्षणी डावीकडून धुडकूभाऊ आले, निळा सदरा, खांद्यावर टॉवेल, हातात डबा. मेहुण्याच्या मोटरसायकलवरून उतरून ते थेट ट्रॉलीवर चढले होते. दोघे मधोमध समोरासमोर उभे राहिले आणि एकमेकांकडे असे बघू लागले, जसे काही दोघांनी एकाच वेळी एकाच मशीनचं बटण दाबलं आहे.

लोकांत हसू फुटलं. एक म्हातारी मोठ्याने विचारू लागली, की यातला मंदाचा बाप कोणता. वृषाली दारात पिशवीजवळ उभी होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला. एवढी मेहनत, एवढे लोक, आणि शेवटच्या प्रयोगाची अशी शोभा. तिने शोभाबाईंकडे बघून हाताने खूण केली, की पडदा ओढा.

शोभाबाईंनी दोरी दोन्ही हातांत घट्ट धरली आणि ओढली नाही. नंतर सगळ्यांनी विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "पोरनं काम अर्धं व्हतं. अर्धामा पडदा वढतस का?" तेव्हा मात्र त्यांनी दोरीचा एक वेढा मनगटाला घातला. मीही त्यांच्या हातात होतो, आणि खरं सांगतो, मलाही मिटायचं नव्हतं.

धुडकूभाऊंना गप्प राहणं जमतच नाही, हे त्या दिवशी कामाला आलं. ते लोकांकडे वळले आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "मी दिवसपाळीना बाप, हाऊ रातपाळीना. पोर एकच शे, म्हनीसन आम्हीन पाळ्या लाई लिध्यात."

मित्रांनो, त्या हशाने ट्रॉली हलली. समोर बसलेल्या कितीतरी घरांतला एखादा भाऊ, एखादा दीर सुरतेत मागावर होता. त्यांना हे एका क्षणात कळलं. रंभाबाईंनीही प्रसंग ओळखला. त्या आतून दोन पेले पाणी घेऊन आल्या आणि एकेक दोघांच्या हातात दिला. मग नाटक सुरू झालं आणि असं झालं की काय सांगू. एक वाक्य धुडकूभाऊंचं, पुढचं भाऊरावांचं. एक बाप चप्पल काढतो, दुसरा ती जागेवर ठेवतो. एक पोरीवर चिडतो, दुसरा तिला पाणी देतो. दोघांनी एकमेकांचं काम जन्मात पाहिलं नव्हतं, आणि तरी कुठे ठेच लागली नाही. वर्षानुवर्षं एकाने सोडलेला धागा दुसऱ्याने धरायची त्यांना सवयच होती. वृषालीच्या चेहऱ्यावर रंग परत आला. हसू दाबता दाबता तिची वाक्यं पुढे-मागे होऊ लागली.

मग शेवट आला. मंदा म्हणाली, "दादा, मी निघाले. तुम्ही काही म्हणणार आहात का?" भाऊराव नेहमीप्रमाणे खाली वाकले. त्यांचा हात पिशवीच्या बंदाला लागणार, तोच धुडकूभाऊंनी पिशवी आपल्याकडे ओढली आणि स्वतःच्या खांद्याला अडकवली.

"नही भाऊराव," ते हळूच म्हणाले, "आज पिशवी मी उचलस. तू बोल. पोर वाट दखी राहिनी."

आणि एवढं बोलून जन्मभर ज्यांचं तोंड बंद झालं नव्हतं ते धुडकूभाऊ पिशवी घेऊन बाजूला जाऊन उभे राहिले. अगदी गप्प. आता स्टेजच्या मधोमध भाऊराव होते, त्यांचे दोन रिकामे हात होते आणि समोर त्यांची मुलगी होती.

ते बराच वेळ उभे राहिले. इतका वेळ, की बांबूला टेकलेला उखाही सरळ झाला. रंभाबाईंनी पदराचं टोक तोंडात धरलं होतं. शोभाबाईंच्या हाताला घाम आला होता. तो मला दोरीतून कळत होता. मला वाटलं, आता हे नुसतेच बाहेर निघून जाणार.

"वृषाली," भाऊराव म्हणाले.

समोरच्या लोकांना काहीच कळलं नाही. मंदाचं घरचं नाव वृषाली असेल, असं त्यांना वाटलं असावं. पण आम्हा सगळ्यांच्या अंगावर काटा आला.

"मले बोलता येत नाही, म्हणून तू येवढं नाटक लिहिलं. पह्यल्याच दिवशी समजलं होतं मले. तू जाय. मले तुही लय आठवण येईल, पण तू जाय. मी फोन करीन. नुसतं हो-नाही नाही करणार. बोलीन."

वृषालीला पुढचं वाक्य होतं. ते ती विसरली. ती म्हणाली, "हो बाबा," आणि त्यांच्या गळ्यात पडून रडली, आणि रडता रडता हसत होती. धुडकूभाऊ पिशवी खांद्यावर घेऊन लहान मुलासारखे हुंदके देत होते. समोर लोक उठून उभे राहिले. तारा नावाच्या एका ऊसतोड बाईने आपल्या लेकीला पुढे ढकलून सांगितलं, की बघ, बाप असा बोलतो. तेव्हा कुठे शोभाबाईंनी दोरी ओढली. मी इतक्या आनंदाने मिटलो की माझी एक शिवण उसवली, आणि ती त्यांनी आजवर मुद्दाम तशीच ठेवली आहे.

परतीच्या वाटेवर टेम्पोत दोघे बाप माझ्यावरच बसले होते. संध्याकाळ कोणाची होती यावरून त्यांचा वाद थेट भेस्तान येईपर्यंत चालला, आणि बोलत होते दोघेही.

तेव्हापासून त्या नाटकात दादा दोनच असतात. मात्र दोघे एका वेळी मोकळे हवेत, म्हणून तो प्रयोग खातं बंद असेल त्या दिवशीच लागतो. खातं कधी बंद पडतं याची लोक वाट बघतात, आणि शेठना ते मुळीच आवडत नाही. मंदाचं काम आता धुडकूभाऊंची पुतणी चंचल करते. वृषाली बडोद्याला मुलांसाठी नाटकं लिहिते, आणि सुट्टीत आली की आमच्या ओट्यावर तिच्या कच्च्या नाटकाची बायका पूर्वीसारखीच खबर घेतात.

नाटकाचं नाव झालं तसा एका व्यापाऱ्याने मंडळीला नवा पडदा दिला. लाल मखमल, सोनेरी झालर. दिसायला देखणा आहे, मी नाकारत नाही. मोठ्या गावी तोच जातो. मी आता चाळीच्या गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत, तालमीच्या जागी टांगलेला असतो. ऊन-पाऊस पाहून माझे रंग विटले आहेत. मध्यंतरी कोणीतरी सुचवलं, की याच्या उशांच्या खोळी शिवून टाकाव्यात. शोभाबाईंनी त्या माणसाकडे नुसतं बघितलं, आणि विषय तिथेच संपला. पण शोभाबाई उद्या असतील, परवा नसतील. म्हणून मित्रांनो, माझी विनंती मी तुमच्यापाशीच करून ठेवतो. मखमल खुशाल टांगा, तिला जपा, तिच्याही अंगाला हात पुसू नका. पण जुनं झालेलं सगळंच निकामी झालं असं ठरवण्याआधी, त्याच्या आडोशाला कोणी उभं असतं का, तेवढं बघून घ्या.

माझ्या आडोशाला भाऊराव उभे असतात. खात्याच्या खडखडाटात फोन करता येत नाही, आणि घरात सगळ्यांसमोर बोलायचं तर त्यांना अजून लाज वाटते. म्हणून पाळी सुटली की ते गच्चीवर येतात, माझ्या घड्यांत तोंड घालतात आणि बडोद्याला फोन लावतात. सुरुवातीला जेवली का, एवढंच विचारायचे. मग खात्यातलं सांगू लागले, मग रंभाबाईंची तक्रार, मग आपल्या लहानपणीच्या गोष्टी, ज्या आम्ही कोणीच कधी ऐकल्या नव्हत्या. आज सकाळी पलीकडून वृषालीच म्हणत होती, की बाबा, आता ठेवते, माझा प्रयोग सुरू होतोय.

भाऊराव म्हणाले, "थांब ना माय, अजून सांगायचं रायलं."